सुजूचं साठ मिलीलिटर दूध

माझ्या मुलीचं नाव सुजाता आहे आणि तिला दुधाचं वावडं आहे.

यात विशेष काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सांगतो. उपासानं हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थाला जिनं खीर खाऊ घातली, ती सुजाता. आमच्या घरांमध्ये ही गोष्ट मुलं चालायला लागायच्या आधी ऐकतात. वैशाख पौर्णिमेला अमरावतीतल्या आमच्या वस्तीत, बुद्धविहारासमोर खीरदान असतं. माणूस आत बसेल एवढा गंज चुलीवर चढतो आणि तो ढवळायचं काम माझ्या वडिलांपासून आमच्या घराकडे आहे. त्यामुळे मुलगी झाली तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीनं, शशीताईनं, कुणालाही न विचारता नाव ठेवून टाकलं. आठव्या महिन्यात मुलीला पहिल्यांदा चमचाभर दूध पाजलं, तेव्हा तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि आम्ही ‘सुजाता’ची ‘सुजू’ करून त्या नावाचा भार जरा हलका केला.

चार वर्षांची असताना खीरदानाच्या गर्दीत कुणाच्या तरी वाटीतला थेंब तिच्या बोटावर पडला आणि तिनं ते बोट चाटलं. पुढची वीस मिनिटं मी लिहिणार नाही. ऑटोत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, एवढं पुरे. पोरगी वाचली. मी मात्र त्या दिवसापासून माणूस राहिलो नाही, बिस्किटपुड्यांच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचणारं यंत्र झालो. लग्नात गेलो की आधी आचाऱ्याला भेटायचो, मग नवरदेवाला.

त्यानंतरच्या प्रत्येक पौर्णिमेला सुजू विहाराच्या पायरीवर हातात कुरकुरीत आलुपोंग्याची पुडी घेऊन बसायची. सगळी पोरं वाट्या चाटायची आणि ही त्यांच्याकडे पाहायची. सात वर्षांची झाली तेव्हा एकदा मला म्हणाली, “पप्पा, माह्यं नाव बदलता येते का?”

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. वर्गात माझ्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. या प्रश्नावर मी तिला दुसरी पुडी आणून दिली.

मग अकोल्याच्या डॉक्टर मॅडमचा पत्ता लागला. लहान मुलांच्या ॲलर्जीवर त्या काम करायच्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की सुजूचं शरीर दुधाला शत्रू समजतं. तेव्हा त्या शत्रूची ओळख हळूहळू करून द्यायची. आधी पाण्यात मिसळलेला दुधाचा थेंब. तो सोसला की रोज तेवढाच. दर पंधरा दिवसांनी अकोल्याला यायचं, मात्रा थोडी वाढवायची, आणि दोन तास त्यांच्या नजरेसमोर बसायचं.

“हा घरगुती उपाय नाही,” मॅडम म्हणाल्या. “स्वतःच्या मनानं कुणी करायला गेलं तर जिवावर बेतेल. त्रास सुरू झाला तर द्यायचं इंजेक्शन कायम हाताशी ठेवायचं. पोटात काही असल्याशिवाय मात्रा द्यायची नाही. ताप असला तर आधी मला फोन. मात्रा घेतल्यावर दोन तास धावपळ नाही. आणि मी सांगीन तेवढंच. जास्त नाही, कमीही नाही.”

“कमी कायले करू?” माझी बायको ज्योत्स्ना म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. तिघं, कारण शशीताई सोबत होती. ती नांदगाव खंडेश्वरला सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. अर्ध्या तालुक्याच्या दंडावर तिची सुई टोचलेली आहे. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि घरात डॉक्टरपेक्षा एक पायरी वरचं पद आपोआप तयार झालं.

दिवाळीनंतर उपचार सुरू झाला. थेंबांचे दिवस बरे गेले. मग एक मिलीलिटर, दोन, पाच. सुजू शाळेत मैत्रिणींना आकडा सांगायची. मॅडमनी दूध एकाच जातीचं हवं, रोज तेच पाकीट आणा, आणि अकोल्याला येतानाही घरचीच बाटली आणा, म्हणजे फरक पडणार नाही, असं बजावलं होतं. आमच्याकडे सकाळी ज्योत्स्ना ते पाकीट तापवायची. दुपारी शशीताई त्यातलं सुजूपुरतं वेगळ्या बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवायची. आणि संध्याकाळी पाच वाजता, शाळेतून आलो की, मी सिरिंजनं मोजून मात्रा द्यायचो. मोजणं हा माझा प्रांत. आठवीच्या पोरांना मोजपात्रातल्या पाण्याची पातळी डोळ्याच्या रेषेत आणून वाचायला मीच शिकवतो.

आता कबुलीजबाब. मात्रा दहा मिलीलिटरवर गेली त्या संध्याकाळी मी सिरिंज दोनदा भरून दोनदा रिकामी केली. सिरिंजमधलं ते पांढरं पाहून मला ऑटोतली शिट्टी ऐकू आली. मी सुजूकडे पाठ केली, सात मिलीलिटर दूध घेतलं आणि वर तीन मिलीलिटर फिल्टरचं पाणी ओढलं. म्हटलं, आजचा दिवस. उद्या पुरतं देऊ.

उद्याही तेच केलं. परवा तर मी त्याला शास्त्रीय रूप दिलं: दोन भाग दूध, एक भाग पाणी. (अज्ञानी माणूस अंदाजानं चुकतो. मी प्रमाणात चुकलो.) पुढे मात्रा वाढत गेली तसं माझं पाणीही वाढत गेलं. सुजूला काहीच व्हायचं नाही. खाज नाही, गांध नाही. मी मनात म्हणायचो की बघ, थोडं सांभाळून घेतलं तर बिघडलं काय? अकोल्याला नेताना बाटलीतही मी तेच प्रमाण ठेवायचो, म्हणजे फरक पडणार नाही. मॅडमनी सांगितलंच होतं.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. ते दूध फार पातळ दिसायचं. ग्लासातून पलीकडचं कॅलेंडर दिसायचं म्हटलं तरी चालेल. पण मी कुणाला विचारलं नाही, कारण पातळ का आहे ते मला माहीत होतं.

चैत्रात मात्रा पन्नास मिलीलिटरला पोचली. पुढची साठ, आणि पौर्णिमा महिन्यावर आलेली. मॅडम म्हणाल्या होत्या की साठ नीट सोसलं तर पौर्णिमेला त्यांच्या परवानगीनं दोन चमचे खीर चालेल. सुजूनं वाटी आधीच ठरवून ठेवली होती. ती धुऊन, पुसून तिच्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवलेली मी पाहिली होती.

ठरल्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. मूर्तिजापूरच्या पुढे गाडी बंद पडली. तासभर आम्ही रस्त्याच्या कडेला एका बाभळीच्या, सावली म्हणता येणार नाही अशा सावलीत उभे होतो. अकोल्याच्या उन्हाबद्दल मी वाईट बोलणार नाही, ते आपलं काम चोख करतं. दवाखान्यात पोचेपर्यंत बाटलीतलं दूध नासलं होतं.

सिस्टरनं झाकण उघडून नाक वळवलं. “मॅडम, हे तं गेलं.”

“जाऊ द्या. तेच पाकीट आपल्या फ्रिजमध्ये आहे,” मॅडम म्हणाल्या. “साठ काढा.”

इथे मी बोलायला हवं होतं. वाक्यही मनात तयार झालं होतं. ‘मॅडम, घरी आम्ही जरा पातळ करून देतो.’ (‘मी’ नाही, ‘आम्ही’. भित्र्या माणसाचं व्याकरणही त्याच्यासारखंच असतं.) पण शेजारच्या बाकावर अचलपूरहून आलेलं एक जोडपं तान्ह्या मुलीला घेऊन बसलं होतं, आणि मॅडम नेमक्या त्याच वेळी त्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “यांच्याकडून शिका. सर विज्ञानाचे शिक्षक आहेत. सहा महिन्यांत एक मिलीलिटर इकडचा तिकडे नाही.”

ते गृहस्थ माझ्याकडे आदरानं पाहून म्हणाले, “माशाअल्ला.”

त्यानंतर कोणत्या तोंडानं बोलणार? मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो. ज्योत्स्ना पंख्याकडे पाहत होती. शशीताई चपलेचा पट्टा सरळ करत होती. मला वाटलं, या दोघी आपल्या निर्धास्त आहेत, पाप एकट्याचं माझं आहे. आणि तरीही मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, त्यांतली ही एकच अशी आहे की जिची मला अजून लाज वाटते.

सुजूनं साठ मिलीलिटर एका दमात संपवलं. “आजचं दूध मस्त लागलं,” ती म्हणाली. घट्ट दूध पोरीनं जन्मात पहिल्यांदाच प्यायलं होतं.

दहा मिनिटांनी तिनं मान खाजवली. पंधराव्या मिनिटाला गळ्यावर गांधी उठल्या. मग उलटी, मग खोकला, आणि त्या खोकल्यामागे ती शिट्टी. मॅडमनी तिला आडवं केलं, मांडीत इंजेक्शन दिलं, पाय उंच केले, नाकाला ऑक्सिजन लावला. सगळं इतक्या भराभर की सिस्टर फक्त मॅडमच्या डोळ्यांकडे पाहून वस्तू पुढे करत होती. तीस वर्षं नोकरी केलेली शशीताई भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातातली पिशवी कधी पडली ते तिला कळलं नाही.

थोड्या वेळानं शिट्टी थांबली. सुजूनं डोळे उघडले आणि मला विचारलं, “पप्पा, म्या काई चुकीचं केलं का?”

“नाही गं,” मी म्हणालो.

तासाभरात तिचा रंग परत आला. तिला तिथेच ठेवून मॅडमनी आम्हाला पलंगापासून जरा बाजूला बोलावलं. त्या थकलेल्या दिसत होत्या. “ताप होता का काल?”

“नाही.”

“उपाशी होती?”

“पोळी-भाजी खाऊन आली,” ज्योत्स्ना म्हणाली.

“मग पन्नास रोज पचवणाऱ्या मुलीला साठनं एवढं व्हायला नको.” त्यांनी फाइल मिटली. “याचा अर्थ तिचं शरीर आतून तयारच होत नाही आहे. असं काही मुलांच्या बाबतीत होतं. मला वाटतं, आपण थांबावं. कायमचं. तिला दुधापासून लांबच ठेवा.”

पलंगावरून सुजूनं विचारलं, “म्हणजे खीर नाई?”

मी तोंड उघडलं. मला खरंच बोलायचं होतं, पण माझ्या आधी शशीताई बोलली.

“मॅडम, थांबा जरा. माह्याकडून चूक झाली. मी बाटलीत दूध काढते ना, तं जेवढं दूध तेवढंच पाणी टाकत होती. रोज.” आणि नर्सबाई रडायला लागली. “माह्या हातानं पोरीले काई झालं असतं तं मी कोनाले तोंड दाखवलं असतं?”

ज्योत्स्ना गर्रकन वळली. “ताई, तुमी? अवो, मी तं आधीच तापवतानी निम्मं पाणी टाकत होती!”

“तू काहून टाकत होती?”

“तुमी काहून टाकत होत्या?”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग एकदम दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. अचलपूरचे गृहस्थ आधीपासूनच पाहत होते.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही?”

“मी प्रमाणात टाकत होतो,” मी म्हणालो.

मग मॅडमनी फाइल पुन्हा उघडली, कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “करा हिशेब. शिक्षक आहात ना.”

मी केला. ज्योत्स्नाचं निम्मं पाणी, त्यात ताईचं निम्मं, त्यात माझं एक तृतीयांश. पन्नास मिलीलिटरमध्ये दूध निघालं जेमतेम आठ. उलट तपासून पाहिलं, उत्तर बरोबर होतं.

मॅडम अकोल्याच्याच. इतका वेळ शुद्ध बोलत होत्या, तो कागद पाहून त्यांची भाषा माहेरी गेली. “म्हणजे पोट्टी आठ पिऊन राहिली, अन् मी तिले आज एकदम साठ पाजलं? तुमी तिघं शिकेलसवरेल लोकं हाय का कोण हाय? बिमार कोण हाय तुमच्या घरात, मले आधी थे सांगा.”

त्यांचं ऐकून घेणं सोपं होतं. कठीण होतं ते पलंगाकडे पाहणं. इंजेक्शनला न रडलेली सुजू भिंतीकडे तोंड करून रडत होती. ज्योत्स्ना जवळ गेली तर तिनं हात झटकला.

“म्या सगळ्या वर्गाले सांगतलं,” ती म्हणाली. “पन्नास झालं म्हून सांगतलं. सारे टाळ्या वाजवत होते. अन् तुमी मले पाणी पाजून राहिले होते.”

मी तिला समजावायला गेलो की आम्ही ते प्रेमापोटी केलं. पण ते वाक्य अर्ध्यावरच मला खोटं वाटायला लागलं. प्रेम तिच्यावर होतं, पाणी मात्र मी माझ्यासाठी घालत होतो. मला रात्री झोप लागावी म्हणून.

मॅडमनी उपचार बंद केला नाही. उलट त्या म्हणाल्या, मुलीच्या शरीरात काही खोट नाही हे आज कळलं. दोन आठवडे विश्रांती, मग त्यांच्यासमोर पाच मिलीलिटरपासून पुन्हा सुरुवात. दूध पाकिटातून थेट सिरिंजमध्ये, आणि सिरिंज सुजूच्या हातात. शेजारी एकच मोठं माणूस, शशीताई, कारण ती आधी खरं बोलली. ज्योत्स्नानं त्या वेळी ओट्याकडे फिरकायचं नाही. मग त्यांनी सुजूच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ लिहिली: ‘वडील – पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघराच्या दारात. पुढे बैठकीत. पुढे अंगणात.’

“हे काय?” मी विचारलं.

“तुमची मात्रा,” मॅडम म्हणाल्या. “हळूहळू वाढवू.”

त्या वर्षीच्या पौर्णिमेला मी गंज ढवळला आणि सुजू पायरीवर बसली. आलुपोंगाही घेतला नाही तिनं. ती धुतलेली वाटी मला कप्प्यात पुन्हा दिसली नाही, आणि कुठे गेली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वस्तीतले लोक येऊन विचारायचे, “यंदा खाणार होती ना पोरगी?” मी म्हणायचो, “थोडं लांबलं.” कुणामुळे लांबलं ते मात्र सांगायचो नाही.

पुढचं वर्ष असं गेलं की सुजू दर पंधरवड्याला पुढे सरकायची आणि मी मागे. तिची पाचाची दहा झाली तेव्हा मी दारात होतो. वीस झाली तेव्हा बैठकीत, वर्तमानपत्र उलटं धरून. अंगणात माझी पदोन्नती झाली आणि तिसऱ्याच दिवशी मी खिडकीतून डोकावताना सापडलो. सुजूनं अकोल्याला गेल्यावर सरळ सांगून टाकलं, “मॅडम, पप्पानं खिडकीतून पायलं.”

मॅडम माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “परत बैठकीत आणा त्यांना. सोसवत नाही आहे.”

मधे एकदा सुजूला तापही आला, एकदा पोटात दुखलं, मात्रा दोनदा मागे घ्यावी लागली. सगळं सरळ झालं असं नाही. पण फाल्गुनात तिनं दवाखान्यात बसून कपभर दूध प्यायलं आणि दोन तास चित्रं काढत बसली. काही झालं नाही. घरी ती रोज दूध प्यायची तेव्हा मी अंगणात असायचो, म्हणजे पाहायचो नाही.

मग पौर्णिमा आली. मॅडमनी वाटीभर खिरीला परवानगी दिली होती. सकाळपासून मी गंजासमोर होतो. ऊन वरून, जाळ खालून, आणि पोटात सकाळपासून कण नाही. रांग सरकत सरकत आली आणि सुजू समोर उभी राहिली. हातात वाटी. मागे शशीताई, पर्समध्ये इंजेक्शन घेऊन.

मी पाव वाटी घातली.

“पूर्ण भरा,” सुजू म्हणाली.

मी पूर्ण भरली. ती बाजूला जाऊन पायरीवर बसली आणि खायला लागली. मी ढवळायचं सोडून तिच्या घशाकडे पाहत होतो. पहिला चमचा, दुसरा, पाचवा. वाटी रिकामी झाली. मी मनात मिनिटं मोजायला लागलो. दहा. पंधरा. वीस झाली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पळीसकट खाली बसलो, मग आडवा झालो.

एकच गलका झाला. “झालं काई तरी, झालं काई तरी!” करत सगळी वस्ती माझ्यावरून उडी मारून सुजूकडे धावली. शशीताईनं इंजेक्शनचं झाकणसुद्धा काढलं.

“आत्या, मले काई नाई झालं,” सुजूचा आवाज आला. “पप्पा पडले.”

मला विहाराच्या सावलीत नेलं. कुणीतरी मीठ-साखरेचं पाणी आणलं. मी ग्लास तोंडाला लावणार, तेवढ्यात सुजूनं तो माझ्या हातातून काढून घेतला. तिच्या ओठावर खिरीची पांढरी रेघ होती.

“एकदम नाई,” ती म्हणाली. “आधी एक घोट. मंग पंधरा मिनिटं बसायचं. काई नाई झालं तं वाढवू.”

मी एक घोट घेतला. पुढची पंधरा मिनिटं ती माझ्या गळ्यावर गांधी उठतात का ते पाहत बसली. आणि खाज सुटली होती तरी मी मान खाजवली नाही, कारण तिनं मला परत बैठकीत पाठवलं असतं.